आमचं गाणं मधेच कोण तोडतं

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

रक्तदाबाचे डॉक्टर मला आदरानं 'बे' म्हणतात. ते म्हणाले, "वगीह बे, मनात साठवू नका. बायको असती तर तिला जे सांगितलं असतं ते रोज कागदावर उतरवत जा." बायको असती तर तिनं मला बोलू दिलं असतं का, हा प्रश्न वेगळा. पण सगळी नोकरी अलेक्झांड्रियाच्या बंदरावर कस्टममध्ये गेली, तेव्हा लिहिण्याचा कंटाळा नाही.

आज तामिरनं, माझ्या मुलानं, दुबईहून कुणाच्या तरी हाती खोकं पाठवलं. आत तीन पांढरे स्पीकर. विजेची सोडली तर एकही वायर नाही. तामिर फोनवर म्हणाला, "बाबा, तो जुना टेप आता माळ्यावर टाका. जगातली सगळी गाणी या ॲपमध्ये आहेत. तुमचं खातं मी उघडून दिलंय. नुसतं बोट लावायचं."

बोट लावलं. गाणं लागलं नाही. उलट प्रत्येक डब्यातून एक बाई शुद्ध पुस्तकी अरबीत बोलायला लागली, "जोडी जमवण्यास तयार." तीन डबे, तीन बाया, आणि दर मिनिटाला हीच घोषणा. जुम्म्याची दुपार, खिडक्या उघड्या, खालून माणसं नमाजाहून परत येताहेत.

साफिनाज स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, त्या बायकांना सांगा जरा दमानं घ्या म्हणून. असं गच्चीवरून ओरडून कुणाचं जमत नाही."

साफिनाज माझी धाकटी बहीण. तिचा नवरा गेल्यापासून माझ्याकडे असते. म्हटलं, एकटी बाई कुठे राहणार, आधार द्यायला हवा. आता घरात सगळं माझ्या देखरेखीखाली चालतं. माझा चष्मा, गोळ्या, विजेचं बिल, गॅसवाल्याचा नंबर आणि भाजीवाल्याशी बोलणं एवढं तिच्याकडे असतं. बाकी सगळं मी बघतो.

रविवार, ५ नोव्हेंबर

बाया अजून तयारच आहेत. वायफायचा पासवर्ड तीनदा घातला. चौथ्यांदा घालताना मोबाइलनं मला विचारलं, तुम्ही माणूस आहात का.

साफिनाज म्हणाली, "सहाव्या मजल्यावरच्या रिफात साहेबांना बोलवा ना. टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते."

हे गृहस्थ उन्हाळ्यात इथे राहायला आले. विधुर आहेत. लिफ्टमध्ये सलाम करतात, एवढीच ओळख. मी विचारलं, "तुला कसं माहीत ते इंजिनिअर होते?" म्हणाली, "भाजीवाला सांगत होता." या भाजीवाल्याला नको तितकी माहिती असते.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

रिफात साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, कोलोनचा वास. स्पीकर जोडायला माणूस इतका नटून येतो, यावरून जुन्या सरकारी नोकरांची शिस्त दिसते. साफिनाजनं विचारलं, "कॉफीत साखर किती?" म्हणाले, "बेताची."

पहिला कप संपायच्या आत त्यांनी दिवाणखान्यातला डबा बोलका केला. दुसऱ्या कपात व्हरांड्यातला. स्वयंपाकघरातल्या डब्याला मात्र फार वेळ लागला. साफिनाज आत होतीच, तिनं मदत केली. मी दिवाणखान्यातून दोनदा विचारलं, काय अडचण आहे. रिफात साहेब म्हणाले, "इथे भिंत जाड आहे." तिसरा कप तिनं न विचारता बेताच्या साखरेचा आणला. स्मरणशक्ती आमच्या घराण्यातच आहे.

जाताना ते अदबीनं म्हणाले, "हेच खातं साफिनाज हानिमच्या फोनवरही घालून ठेवतो. म्हणजे स्वयंपाकघरातून त्यांना लावता येईल." मी होकार दिला. माणूस पुढचा विचार करणारा आहे.

मग मी बाईंचं गाणं लावलं. सगळा इजिप्त जिला नुसतं 'बाई' म्हणतो तिचं तासाभराचं गाणं, तिन्ही खोल्यांत एकदम. बाईंनी पहिली ओळ चौथ्यांदा घोळवली तेव्हा माझे डोळे भरून आले. हे साफिनाजला सांगितलेलं नाही.

शनिवार, ११ नोव्हेंबर

चोरी झाली.

चार दिवस पाहतो आहे. दुपार कलली की मी खुर्चीत बसतो आणि बाईंना लावतो. साफिनाज गुडघ्यांसाठी कोर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, चालायला जाते. समुद्राची हवा हाडांना बरी, असं तिला कुणीसं सांगितलंय. ती गेल्यावर थोड्या वेळानं गाणं तुटतं. अगदी बाई पहिल्या ओळीवर परत येणार त्या क्षणी. मोबाइलवर अक्षरं येतात: 'तुमचं खातं दुसऱ्या यंत्रावर वाजत आहे.' यंत्राचं नाव म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, इंजिनावर कोरलेले असतात तसे.

तामिरला फोन केला. म्हणाला, "बाबा, माझं खातं वेगळं आहे. तुमच्या खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. कुणीतरी दुसरं ऐकतंय. घरात विचारा."

घरात काय विचारणार. घरात मी एकटाच असतो तेव्हा. बरं झालं साफिनाज नेमकी बाहेर असते, नाहीतर बिचारी घाबरली असती.

सोमवार, १३ नोव्हेंबर

संशय दुसऱ्या मजल्यावरच्या डॉ. लबीबवर. दाताचे डॉक्टर. लिफ्टमध्ये आरसा बसवावा की नाही यावरून आमचं बिनसलं आहे. मी सरळ त्यांच्या दवाखान्यात गेलो आणि बंदरावर विचारायचो तसं थंडपणे विचारलं, "डॉक्टर, दुपारनंतर कुठली गाणी ऐकता?"

ते एका माणसाच्या दाढेत होते. म्हणाले, "वगीह बे, मी दिवसभर ड्रिल ऐकतो. गाणी ऐकायला मी माझ्या बायकोच्या माहेरी जातो, तिथे मला कुणी बोलू देत नाही."

मी चोरीची सगळी हकीकत सांगितली. गाणं कधी तुटतं तेही सांगितलं. डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं आणि म्हणाले, "तुम्ही कस्टममध्ये होतात ना?"

"होतो."

"आणि माल सापडायचा?"

खुर्चीतला माणूस तोंड उघडं ठेवून हसला. मी निघून आलो. आरसा काही झालं तरी बसू देणार नाही.

बुधवार, १५ नोव्हेंबर

पासवर्ड बदलला. रिफात साहेबांनाच बोलावलं. पूर्ण प्रसंग कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. कुणाच्या घरात चोरी झाली की सज्जन माणसाला अशीच लाज वाटते. त्यांनी नवा पासवर्ड माझ्या फोनवर घातला, डब्यांवर घातला, साफिनाजच्या फोनवर घातला.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "वगीह बे, खरं म्हणजे मला तुमच्याशी एका नाजूक विषयावर बोलायचं होतं."

मी म्हटलं, "गच्चीवरच्या अँटेनाबद्दल असेल तर माझी हरकत नाही. पण आधी हा चोर." आणि चोराबद्दल माझे जे अंदाज आहेत ते त्यांना सविस्तर ऐकवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. साफिनाज दारात ट्रे घेऊन उभी होती, ती मध्येच खोकत आत गेली. हवा बदलते आहे.

संध्याकाळी चोर परत. नवा पासवर्ड, तरी परत. चोर साधा नाही.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

वर्षाचं पहिलं मोठं वादळ. आमचे कोळी याला 'झाडू' म्हणतात आणि तारीख सहसा चुकत नाही. लाटा रस्त्यावर आल्या, ट्राम थांबली. साफिनाज चालायला गेली नाही. खिडकीशी बसून समुद्राला नावं ठेवत होती.

गाणं पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजलं. चोर फिरकला नाही. चोरसुद्धा पावसाला भितात तर.

रविवार, १९ नोव्हेंबर

आज एक शोध लागला. गाणं दुसऱ्या यंत्रावर वाजत असलं तरी ते कुठलं, हे माझ्या मोबाइलवर दिसतं. इतकंच नाही, इथून ते बदलताही येतं. आवाजही इथूनच वाढतो.

चोराची आवड सांगतो. जुन्या सिनेमातली प्रेमाची गाणी. होडीतलं गाणं, खिडकीतलं गाणं, टपालाची वाट पाहणारीचं गाणं. वय झालेला, पण मनानं हिरवा माणूस असावा. निवड वाईट नाही, हे कबूल करायला हवं. दोन गाणी मी कैक वर्षांत ऐकली नव्हती. पण चोर तो चोर.

खिडकीतलं गाणं चालू असताना मी लष्करी बँड लावला. पूर्ण आवाजात. तिकडे काय झालं कोण जाणे, लगेच बंद पडलं. मग पुन्हा खिडकी. मी पुन्हा बँड. बंदर सोडल्यापासून इतकं समाधान मिळालं नव्हतं.

सोमवार, २० नोव्हेंबर

साफिनाजचा डावा कान ठणकतो आहे. मी म्हटलं, वाऱ्यात जातेस, कापूस घाल. लिफ्टमध्ये रिफात साहेब भेटले. त्यांच्या उजव्या कानात कापसाचा बोळा. तेही चालायला जातात म्हणे. या वर्षीचा वारा विचित्रच आहे, कुणाला इकडून लागतो, कुणाला तिकडून.

दोघांना ऑलिव्हचं तेल कोमट करून घालायला सांगितलं.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

काय लिहावं.

आज दुपारी घर खायला उठलं. साफिनाज गेली होती. बँड लावून चोराला पळवण्यातही आता पहिल्यासारखी मजा राहिलेली नाही. खरं सांगायचं तर मी आता बाईंना लावतच नाही, चोर काय लावतो त्याचीच वाट पाहतो. म्हटलं, आपणही खाली जाऊन यावं.

कोर्निशवर ऊन होतं, गार वारा होता. गाडीवरून सहलब, म्हणजे आमचं गरम घट्ट दूध, घेतलं, कठड्याला टेकलो. मोबाइल काढला. चोर आज होडीतल्या गाण्यावर होता. सवयीनं बोट गेलं आणि मी बँड लावला.

समोर, समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलेली दोन पांढरी डोकी एकदम दचकली. एकानं उजव्या कानातून काहीतरी उपटलं, दुसरीनं डाव्या. मध्ये एकच वायर लोंबत होती.

मी बँड बंद केला. पुरावा एकदाच मिळून भागत नाही, म्हणून त्यांनी परत कानात घालेपर्यंत थांबलो आणि बँड पुन्हा लावला. पुन्हा दचकले. ती हसायला लागली. हात छातीवर ठेवून, मान मागे टाकून हसत होती. मी आमच्या साफिनाजला असं हसताना आमच्या आईच्या घरी पाहिलं असेल. त्यानंतर नाही.

चोर सापडला. माल माझ्याच घरचा.

पुढे जाऊन दोन शब्द सुनावावेत असं मनात आलं. त्याऐवजी मी होडीचं गाणं जिथे तोडलं होतं तिथून परत लावून दिलं आणि घरी आलो. सहलबचा कप हातातच राहिला होता. तो गाडीवाला मागून ओरडत होता म्हणे.

शनिवार, २५ नोव्हेंबर

काल रात्रीचं जेवण. साफिनाजनं मासे आणि तांबूस भात केला होता.

काटा काढता काढता मी म्हटलं, "कान कसा आहे?"

"बरा आहे."

"आणि उजवा? त्याचं काय म्हणणं आहे?"

तिनं चमचा ठेवला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी बँड लावाल तेव्हा आवाज जरा बेताचा ठेवा. त्यांचं हृदय नाजूक आहे."

"म्हणजे मी लावत होतो हे तुला माहीत होतं?"

"घरात बँड आवडणारं दुसरं आहे कोण? आम्ही कधीची वाट बघतोय तुम्हाला कळायची. त्यांनी तीनदा सांगायचा प्रयत्न केला. तीनदा तुम्ही त्यांना चोराचं वर्णन ऐकवलंत. शेवटच्या वेळी ऐकून घरी जाताना मला म्हणाले, वगीह बेंच्या मते मी टकला असून माझ्यावर आधीचे गुन्हे आहेत."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणून झाले. डॉक्टर लबीबनी कधीच मुबारकबाद दिली."

मी पान सोडून उठलो. मासा चांगला झाला होता.

सोमवार, २७ नोव्हेंबर

रिफात साहेब रीतसर आले. हातात बसबूसाचा, रव्याच्या मिठाईचा, डबा, अंगात कोट, कानात कापूस नाही. मी त्यांना समोर बसवलं आणि सगळं विचारलं. तब्येत, पेन्शन, मुलं, आधीच्या बायकोशी कसे वागायचे, घोरतात का. त्यांनी एकेक सांगितलं, काही लपवलं नाही. घोरतात.

"हे वय आहे का?" मी विचारलं.

ते म्हणाले, "वगीह बे, मी उभा जन्म लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले. संध्याकाळी माझ्या घरात मात्र फोन वाजत नाही. साफिनाज हानिमशी बोललं की दिवस संपल्यासारखा वाटत नाही."

मी म्हटलं, विचार करून कळवतो. साफिनाज स्वयंपाकघरात होती आणि तिथे कसलाही आवाज येत नव्हता.

विचार काय करायचा ते कळत नाही. नाही म्हणायला कारण शोधतो आहे. गुडघे सांगितले तर तो लिफ्टच्या जवळ राहतो. सहावा मजला उंच म्हणावा तर मी स्वतः चौथ्यावर आहे. शेवटी एकच कारण हाती लागतं, आणि ते इथेसुद्धा लिहवत नाही.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

माझा चष्मा सापडत नाही. साफिनाज समोर बसली होती, तिला ठाऊक होतं, तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हे अक्षर त्यामुळे असं आलं आहे.

तामिरला फोन करून म्हटलं, तुझ्या आत्यानं हे असं असं चालवलंय, तिला परवानगी द्यावी की नाही. तो म्हणाला, "बाबा, आत्याला तुमची परवानगी नकोय. कायद्यानं लागतही नाही. तिला तुम्ही तिथे हवे आहात. नवा कोट घालून."

"आणि माझं?"

"तुमचं काय?"

म्हटलं, काही नाही, लाइन खराब आहे.

मग साफिनाजच्या खोलीच्या दारात गेलो. ती लोकर गुंडाळत होती. मी म्हटलं, "तुझ्या त्या इंजिनिअरला सांग, घोरणाऱ्या माणसानं कुशीवर झोपावं."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "सांगते." थोड्या वेळानं म्हणाली, "चष्मा फ्रिजवर आहे, दादा."

गुरुवार, २१ डिसेंबर

निकाह झाला. आमच्याच दिवाणखान्यात. साक्षीदार मी आणि, दुसरं कुणी वेळेवर आलं नाही म्हणून, डॉ. लबीब. रिफातनं तिन्ही स्पीकरवर गाणी लावली होती, नेमक्या मुहूर्तावर वीज गेली आणि आल्यावर तिन्ही डबे एकदम म्हणाले, "जोडी जमवण्यास तयार." निकाह लावणारे शेख म्हणाले, "बायांनो, तुमचा नंबर नंतर." त्यावर डॉ. लबीब इतके हसले की सही वेडीवाकडी झाली. माणूस अगदीच वाईट नाही.

नंतर साफिनाजची ट्रंक लिफ्टनं वर गेली. दोन मजले. मी ट्रंकेबरोबर गेलो, ती मागून जिन्यानं आली, गुडघे असूनही.

शनिवार, २३ डिसेंबर

दुपारी बाईंना लावलं. कुणी तोडलं नाही. पहिली ओळ परत आली, दुसऱ्यांदा आली, टाळ्या झाल्या, गाणं संपलं. पूर्ण तास. मग दुसरं लावलं. तेही संपलं. मी मोबाइलकडे पाहत होतो. कुणी दुसऱ्या यंत्रावर काही ऐकत नव्हतं.

गोळ्या घेतल्या का ते आठवेना. पुन्हा घेतल्या नाहीत.

रविवार, २४ डिसेंबर

सकाळी मोबाइलवर निरोप आला. आधी वाटलं पुन्हा चोर. चष्मा लावून वाचलं. रिफातनं गाण्याच्या कंपनीकडून मोठं, कुटुंबाचं खातं घेतलं आहे. त्यात ज्यानं त्यानं आपापलं ऐकावं, कुणाचं गाणं कुणामुळे तुटत नाही. 'रिफात आणि साफिनाज तुम्हाला आपल्या कुटुंबात बोलावत आहेत.' खाली होय आणि नाही. आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत अट. बारीक अक्षरं मी कधी सोडत नाही. सर्व सदस्य एकाच घरात राहत असले पाहिजेत.

हे नियमबाह्य होतं. मी तसाच, घरातल्या पायघोळ गलाबियात, सहाव्या मजल्यावर गेलो. साफिनाजनं दार उघडलं. आत कांदा परतल्याचा वास. रिफात टेबलापाशी मुलुखियाची पालेभाजी निवडत बसला होता, पानं एकीकडे, देठं एकीकडे, पण निम्मी पानं देठांत जात होती.

मी मोबाइल पुढे केला. "हे चालणार नाही. इथे स्पष्ट लिहिलंय, सगळे एकाच घरात राहायला हवेत. मी चौथ्यावर, तुम्ही सहाव्यावर. खोटं कसं लिहून देऊ?"

रिफात उभा राहिला. "वगीह बे, इमारतीचा पत्ता एकच आहे. कंपनीला मजला कळत नाही."

"मला कळतो ना."

तो साफिनाजकडे बघायला लागला. ती कढईकडे बघत होती. चमचा ढवळत, मागे न वळता म्हणाली, "अट मोडायची नसेल तर एकच उपाय आहे, दादा. तुम्ही रोज इथे जेवायचं, संध्याकाळी इथे बसायचं आणि गोळ्या इथे ठेवायच्या. झोपायला तेवढं खाली जा. झोपेत कुणी गाणं ऐकत नाही."

मी अट पुन्हा एकदा वाचली. झोपायचं कुठे, याबद्दल तिच्यात खरोखरच काही नव्हतं.

'होय' दाबलं. मग बसलो आणि रिफातनं देठांत टाकलेली पानं वेगळी काढायला घेतली.